नाथाच्या बार मिट्झवाची दहा माणसं

नाही, तुम्हीच सांगा, दहा माणसं म्हणजे काय लई मागितली का हो मी? ह्या बीडमध्ये, जिथं कुणाच्या बोअरला पाणी लागलं तर पन्नास माणूस बघायला उभं राहतंय, कुणी जुनी जीप घेतली तर दीडशे जण पेढा खायला येतेत, तिथं मला माझ्या एकुलत्या एका पोराच्या कार्याला दहा... बारा नाही, अकरा नाही, दहा माणसं मिळू नयेत? आता तुम्ही म्हणाल, हनुमंतराव, आधी सांगायचं ना, आम्ही आलो असतो की. तीच तर बोंब आहे. येणारे लई होते, मोजता येणारे नव्हते.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुमचा पण सगळ्यांसारखा घोटाळा व्हायचा. तर पहिली गोष्ट, मी हनुमंतराव नाहीच. माझं नाव हनोख. हनोख वाकरूळकर. आम्ही यहुदी, बेने इस्रायल. आमचे वाडवडील कोकणातले, तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. माझे बाबा पाटबंधाऱ्यात ओव्हरसीअर, धरणाच्या कामावर माजलगावला आले ते इकडचेच झाले, मी इथंच जन्मलो, इथंच आयटीआय केलं, आणि आता वीस वर्षं झाली, जालना रोडला माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. शनिवारी बंद. शेतकऱ्यांना वाटतं मी मारुतीचा वार पाळतो. हनोख म्हणायला जड, त्यात शनिवार कडक, म्हणून मी हनुमंतराव झालो. मी पण कधी खोडलं नाही. शनिवारी जळालेली मोटर रविवारी घेऊन येताना माणूस निदान शिव्या तरी देत नाही.

एखादा फारच खोलात शिरला तर विचारतो, "म्हंजी ख्रिश्चन का तुमी?" नाही म्हणलं. "मग मुसलमान?" नाही. "मग आपलेच म्हणा की सरळ, एवढं कावून फिरवायलात?" आणि चुकून इस्रायल म्हणालो, तर डोळे मोठे करून, "ते ठिबकवाले? आमचा साडू गेलता की अभ्यासदौऱ्यावर. काय पाणी वाचवतेत वो तुमचे लोक." आता मी जन्मात इस्रायल पाहिलं नाही, पण तेव्हापासून गेवराईपर्यंतचे लोक ठिबकची नळी चोक झाली की मलाच फोन करतेत.

तर आमचा नाथा. खरं नाव नथान, पण बीडमध्ये नथानचा नाथा व्हायला दोन दिवस पण लागत नाहीत. नाथा तेरा वर्षांचा झाला. आमच्यात पोरगं तेराचं झालं की ते जाणतं धरतात, आणि त्याचं एक कार्य असतं, बार मिट्झवा. त्यात पोरानं पहिल्यांदा सगळ्यांसमोर सेफर उघडून वाचायचं. सेफर म्हणजे आमचा धर्मग्रंथ, चामड्यावर हातानं लिहिलेला, मोठी गुंडाळी असती. आता हे वाचन काय घरातल्या घरात उरकता येत नाही. त्याला दहा जाणते यहुदी पुरुष समोर लागतात. नऊ असले तर सेफर उघडतच नाही. नियम म्हणजे नियम.

आता तुम्ही म्हणाल, पुण्याला जा की, तिथं तुमचं प्रार्थनेचं घर, सिनेगॉग आहे, तुमचे लोक आहेत. बायको पण तेच म्हणाली. पण बाबा चौऱ्याऐंशीचे. मागच्या दिवाळीत बाथरूममध्ये पडले, खुब्यात रॉड आहे, खाटेवरून खुर्चीत बसायचं तर दोघं लागतात. त्यांना पुण्याला न्यायचं कसं? आणि ते रोज सकाळी नाथाला खाटेशी बसवून त्याचा पाठ घेतात, डोळे मिटून ऐकतात, एक अक्षर चुकलं की काठी आपटतात. मला म्हणाले, "हनोख, ह्याचं वाचन माझ्या कानांनी ऐकायचंय मला. बाकी काही नको."

आणि दुसरं एक कारण होतं. ते मी कुणाला सांगत नाही, पण आता तुम्ही बसलाच आहात तर सांगतो. माझं स्वतःचं बार मिट्झवा राहून गेलेलं आहे. मी तेराचा झालो तेव्हा माजलगावला धरणाच्या कॉलनीत बाबांनी मांडव घातला होता. नऊ माणसं जमली. एक कमी पडलं. बाबा म्हणाले, पुढच्या महिन्यात करू. त्या पुढच्या महिन्याला आता चौतीस वर्षं झाली, तो काही आलेला नाही. तसं त्यानं काय बिघडलं? काही नाही. लग्न झालं, दुकान झालं. पण कधी पुण्याला सिनेगॉगमध्ये गेलो आणि वाचायला पुढं बोलवायला लागले की मी मागच्या बाकाकडं सरकतो, म्हणतो चष्मा विसरला. लाज वाटती. नाथावर ती वेळ येऊ द्यायची नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यासाठी दहा माणसं. दहा माणसं म्हणजे काय लई मागितली का हो मी?

पहिला गेलो बबनरावांकडं. बबनराव आमच्या गल्लीचे, माजी पंचायत समिती सदस्य, माजी असून आजीपेक्षा जास्त बिझी. त्यांना म्हणलं, कार्य आहे, दहा माणसांची अडचण आहे. तर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"दहा? हनुमंतराव, इज्जत काढायलात का आमची? मला दहा माणसं मागता? मागच्या सभेला मी नऊ ट्रॅक्टर भरून नेलते, माणसं उतरवायला जागा पुरंना."

म्हणलं, "बबनराव, तसं नाही, ती यहुदी लागतेत."

"बरं मग? करू की यहुदी. काय कागद लागतोय तेवढं बोला. आधार, रेशन कार्ड, वंशावळ... वंशावळीचा तर आपल्याकडं माणूसच बसलेला हाय."

म्हणलं, कागदानं होत नाही, जन्मानं लागतंय. तर ते थोडे गंभीर झाले. म्हणाले, "अवघड हाय मग. पण फ्लेक्स माझ्याकडून." आणि चौथ्या दिवशी चौकात फ्लेक्स. वीस फुटी. कोपऱ्यात नाथा, एवढासा, शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो, मधोमध बबनराव फोन कानाला लावून, आणि खाली शुभेच्छुक एकोणचाळीस. मी उन्हात उभं राहून सगळी नावं वाचली. एकोणचाळीस शुभेच्छुक हो, आणि यहुदी एक नाही.

मग शेजारचा राधाकिशन आला. राधाकिशन मुकादम आहे, दर साल दिवाळी झाली की दोनशे माणूस ऊसतोडीला घेऊन जातो. म्हणाला, "माणसं जमवायचं काम आमचं, तुमी मोटरा भरा. किती पायजेत? दहा? म्हंजी पाच कोयते." त्यांच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, तसाच हिशोब चालतो. मी म्हणलं, राधाकिशन, पाच कोयते नाही चालणार, आमच्यात ह्या कामाला बायका धरत नाहीत.

हे मी हळूच म्हणलो होतो. पण त्याची बायको छबुबाई ओट्यावर मेथी निवडत होती.

"धरत न्हाईत म्हंजी?"

म्हणलं, रीत आहे वहिनी, जुनी.

"आमच्याकडं बाई संगं नसली तर गड्याला अर्धा कोयता म्हणतेत. अर्धा. बाप्याची किंमतच तेवढी. तुमच्याकडं अख्खा कसा काय भरतोय?"

आमच्या हिनं, शुलानं, आतून ऐकलं. त्यानंतर आठ दिवस मला चहा देताना म्हणायची, "घ्या, अर्धा कोयता." अर्धा कप द्यायची.

पण राधाकिशन गुणाचा माणूस. मला समोर बसवून त्यानं शिकवलं. म्हणाला, "हनुमंतराव, फोनवर हो म्हणलेला माणूस धरायचा न्हाई. गाडीत बसलेला धरायचा. आन् गाडीत बसलेला बी घाटात चहाला उतरला की पुन्ना मोजायचा." आणि माझ्याकडून नंबर घेऊन स्वतःच फोन लावायला लागला. संभाजीनगरला आमच्यातले एक रिटायर बँक मॅनेजर आहेत, लई साहेबी माणूस, टाय लावून भाजी आणतात. त्यांना ह्यानं फोन केला, "राधाकिशन मुकादम बोलतोय, बीडहून. तुमचं नाव आपल्या टोळीत हाय. बुधवारी निघायचं, बोचकं बांधून तयार राहा." मॅनेजरसाहेबांनी घाबरून हो म्हणलं. मी दोन महिने मागं लागलो होतो तर ते गुडघे दाखवत होते.

असं एकेक करून बघा... बाबा एक, मी दोन, मॅनेजरसाहेब तीन, शुलाचे दोन भाऊ ठाण्याहून, पुण्याचे तिघं, आणि आमचे हझान, एलियाझर काका. हझान म्हणजे प्रार्थना चालवणारे. नाथाला त्यांनीच फोनवरून शिकवलं, आठ महिने, इकडं दुकानात मोटरीचा आवाज आणि मोबाइलवर काकांचा. काकांनी मला आधीच दम दिला होता, "हनोख, दहा पक्के असतील तरच मी पुण्याहून सेफर हलवीन. सेफर म्हणजे पार्सल नाही." मी म्हणलं, पक्के आहेत काका. तेव्हा साडेसहा होते. साडेसहा म्हणजे सहा पक्के आणि एक बायकोला विचारून सांगतो म्हणालेला. खोटं बोललो, मान्य आहे. तुम्ही काय केलं असतं?

दहावे म्हणून शेवटी माझे मामा तयार झाले, सॅमसनमामा, रेवदंड्याचे. वय शहात्तर. पुण्याची मंडळी टेम्पो ट्रॅव्हलर करून येणार होती, तीत जागा होती, पण मामा म्हणाले, "मला पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट आहे, मी गाडीत कशाला बसू?" आदल्या दिवशी संभाजीनगरला मुलीकडं उतरतो, पहाटेच्या एसटीनं येतो म्हणाले. राधाकिशननं हे ऐकलं. म्हणाला, "एकटा गडी एसटीनं? ह्यो न्हाई पोचत." मी म्हणलं, अपशकुन नको करू.

बुधवारी संध्याकाळी ट्रॅव्हलर आली. मी साधं सांगितलं होतं बबनरावांना, की ग्रंथ येणार आहे. झालं. चऱ्हाटा फाट्यापासून हलगी. समोर पोरं नाचायलीत, फटाके, आयाबाया ताटं घेऊन उभ्या, छबुबाईनं गाडीच्या चाकावर पाणी घातलं. एलियाझर काका सेफर छातीशी धरून उतरले आणि तिथंच उभे राहिले. मला वाटलं चिडले आता. तर जवळ येऊन म्हणाले, "हनोख, पुण्यात मी हे घेऊन रस्ता ओलांडायला लागलो की लोक हॉर्न मारतात रे." आणि डोळे पुसले. बबनरावांना वाटलं धूर गेला डोळ्यात, त्यांनी फटाके बंद करायला सांगितले.

गुरुवारची सकाळ. जूनचा पहिला आठवडा, आठ वाजताच अंगाची लाही. बाबांची खाट पुढच्या खोलीत घेतली, दारात मांडव. प्रार्थनेला डोकं झाकलेलं पाहिजे, हे मी एकदा बोलून गेलो होतो, तर बबनराव शंभर पांढऱ्या टोप्या घेऊन हजर. "टोप्यांना काय तोटा आपल्याकडं." काकांनी बाहेर बघितलं तर मांडवभर टोपीवाले, मांडी घालून, हात जोडून. काका मला म्हणतात, "अरे, तू तर दहाच म्हणाला होतास." मग आम्ही नऊ जणांनी तल्लीथ पांघरल्या, प्रार्थनेची शाल असती ती आमची. बबनराव कानाशी आले. "सत्कार आधीच उरकला का? कुणाच्या हस्ते?"

साडेआठ झाले. नऊ झाले. मामा नाहीत. फोन बंद. मी एकदा आत, एकदा बाहेर, एकदा आत, एकदा बाहेर. काका म्हणाले, "सुरू करू या का? दुपारच्या आत व्हायला पाहिजे." म्हणलं, पाच मिनिटं काका. नाथा नवा पांढरा शर्ट घालून पुस्तक घेऊन उभा होता, ओठ हलत होते. मी त्याला बाजूला घेतलं. म्हणलं, "नाथा, तू जा, चौकात उभा राहा. मामाआजोबांना घर माहीत नाही. उतरले की घेऊनच ये." तो म्हणाला, "पप्पा, मीच जाऊ?" म्हणलं, जा ना बे, इथं उभं राहून काय करायलास? गेला बिचारा. फ्लेक्सच्या सावलीत जाऊन उभा राहिला.

आणि सव्वानऊला फोन आला.

"हनोख, अरे मी पोचलो. पण तुम्ही कुठं आहात?"

"मामा, तुम्ही कुठं आहात?"

"मांडवात. लई मोठा केलायस रे मांडव. मला टॉवेल-टोपी पण दिली. फक्त नाथा दिसत नाही, आणि स्टेजवर एक मुलगी बसलेली आहे."

तुम्हाला सांगतो, आमच्या मांडवात स्टेजच नव्हतं. झालं असं होतं, मामा गेवराईला चहाला उतरले. तिथं एक जीप उभी, नवे कपडे घातलेली माणसं. मामांनी विचारलं, कार्याला का? ते म्हणाले, कार्यालाच, बसा की पाव्हणं. बसले! कुणाचं कार्य, कुठं, काही नाही. आपल्याकडं म्हातारा माणूस चांगल्या कपड्यात दिसला की कोण विचारतंय, कुणाकडचे? नवरीकडच्यांना वाटलं नवरदेवाकडचे, नवरदेवाकडच्यांना वाटलं नवरीकडचे. जीप गेली तलवाड्याला. म्हणलं, मामा, उठा, तसेच निघा, कुठली पण गाडी धरा. तर म्हणतात, "अरे, लग्न लागल्यावर जेवल्याशिवाय सोडणार नाहीत म्हणतात. फार प्रेमळ लोक आहेत." आणि फोन पुन्हा बंद. माझ्याशी बोलण्यापुरतीच बॅटरी होती बहुतेक.

आत आलो. काय सांगायचं काकांना? बाबा खाटेवर, डोळे मिटून, कान लावून. राधाकिशननं माझं तोंड बघितलं आणि ओळखलं. तो सवयीनं मोजायला लागला, बोट नाचवत, "एक, दोन, तीन..." आणि बाबा कडाडले, "ए! माणसं मोजू नकोस!" आमच्यात माणसं अशी आकड्यानं मोजत नाहीत, दृष्ट लागती म्हणतात. राधाकिशन म्हणाला, "बाबा, मग माझा धंदाच बंद की." पण छबुबाईला बरोबर कळलं. दारातून म्हणाली, "बराबर हाय बाबांचं. आपण तरी ज्वारी मापताना एक कुठं म्हणतोय? लाभ म्हणतोय. दाण्याला जपतोय, मग माणसाला नगं का?"

मग तुम्ही कसं मोजता, असं बबनरावांनी विचारलं. तर आमच्यात दहा शब्दांचं एक वचन आहे. एकेका माणसाकडं बघत एकेक शब्द म्हणायचा. वचन पुरं झालं की दहा भरले. काका उठले आणि म्हणायला लागले. पहिला शब्द बाबांवर, दुसरा माझ्यावर, तिसरा मॅनेजरसाहेबांवर... मी जमिनीकडं बघत होतो. सातवा, आठवा. नववा शब्द त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणला, आणि थांबले. एक शब्द हातात राहिला. माझं खोटं पकडलं गेलं, म्हणलं संपलं सगळं, आता सेफर गाडीत जाणार, बाबा पुढच्या महिन्यात म्हणणार.

काका म्हणाले, "नाथा कुठंय?"

म्हणलं, "चौकात पाठवलाय काका."

"आत्ता? कशाला?"

"मामांची वाट बघायला. दहाव्या माणसाची."

काका माझ्याकडं बघतच राहिले. "नाथाला तेरा पुरी कधी झाली?"

"गेल्या सोमवारी."

"मग गेल्या सोमवारपासून तो मोजायचा. वाचलं म्हणून जाणता होत नाही रे, जाणता झाला म्हणून वाचतो. शहाण्या, दहाव्या माणसाला तू दहाव्या माणसाची वाट बघायला पाठवलंस?"

राधाकिशन मोटरसायकलवर बसला सुद्धा. आणि मी... मी तिथंच खाली बसलो. कारण मला माजलगावचा एसटी स्टँड दिसायला लागला. त्या दिवशी मी पण नवा पांढरा शर्ट घातला होता. बाबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, स्टँडवर जा, दहावा माणूस परळीच्या गाडीनं येणार, उतरला की घेऊनच ये. मी सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत उभा होतो. सहा गाड्या आल्या. प्रत्येक गाडीतून उतरणाऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. आणि इतकी वर्षं मी त्या न आलेल्या माणसावर राग धरून बसलो होतो, आणि तो माणूस तर स्टँडवर उभाच होता की हो. सहा तास.

वर बघितलं तर बाबा माझ्याकडंच बघत होते. त्यांना पण कळलं होतं. मग म्हणाले, "मी घरात बसून नऊ-नऊच करत राहिलो रे. तुला हाक मारायची सुचली नाही." मी म्हणलं, जाऊ द्या बाबा, ऊन लई होतं त्या दिवशी.

नाथा आला, धापा टाकत. काकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून दहावा शब्द म्हणला. आणि सेफर उघडलं.

वाचलं पोरानं. मोठ्यानं, खणखणीत, कुठं अडलं नाही. बाबांची काठी हातात होती, पण आपटली नाही एकदाही. मांडवातले शंभर टोपीवाले, एकाला शब्द कळत नव्हता, पण एक फोन वाजला नाही. मी रडलो. अगदी उघड रडलो, टॉवेल होताच. मग बापानं एक वाक्य म्हणायचं असतं, की देवा, तुझे उपकार, ह्या पोराच्या जबाबदारीतून आज मला सोडवलंस. ते मी म्हणलं आणि बबनरावांनी विचारलं म्हणून मराठीत सांगितलं. तर छबुबाई म्हणाली, "सुटले? आन् मग त्याचं लगीन कोण लावील?"

गुरुवारी सेफरपुढं तिघांना बोलावतात. पहिल्यांदा काकांनी बाबांना मान दिला, सेफर खाटेशी नेऊन. दुसरा नाथा. आणि तिसरं नाव त्यांनी घेतलं, हनोख. मी सवयीनं म्हणलं, चष्मा विसरला. शुला पडद्याआडून म्हणाली, "नाकावर आहे." गेलो पुढं. काय म्हणायचं ते सगळं विसरलो होतो. नाथा खालून हळूच एकेक शब्द सांगत होता आणि मी त्याच्या मागं म्हणत होतो, सत्तेचाळिसाव्या वर्षी. झालं. आमच्यात मग खडीसाखर फेकतात. बबनरावांना हे कळल्यावर त्यांनी एवढ्या जोरात फेकली की मॅनेजरसाहेबांचा चष्मा गेला.

मग मलिदा झाला, आमचा प्रसादच तो, पोहे, गूळ, खोबरं, जेवणं झाली, मी जरा भिंतीला पाठ टेकवणार, तर बाबा म्हणतात, "आता जा, त्या अकराव्याला घेऊन ये." आहे का आता? सकाळपासून उभा मी, आणि एवढ्या उन्हात तलवाडा! पण वडील माणसाचा शब्द. काढली मोटरसायकल, गेलो.

मांडवात शिरलो तर मामा व्याह्याव्याह्यांच्या मध्ये लोडाला टेकून, डोक्यावर टोपी, पानाचा तोबरा. म्हणलं, मामा, चला. तर म्हणतात, "थांब, शेवटची पंगत बसायलीय, निरोप घेऊन निघू." तेवढ्यात एका माणसानं माझा दंड धरला. म्हणाला, "चला पाव्हणं, पंगतीत एक पान मोकळं हाय. वाढून ठिवलंय, वाया जायलंय." म्हणलं, मी इथला नाही, माझं जेवण झालंय, हे बघा मला इथं कुणी ओळखत पण नाही. "असू द्या की. एक माणूस कमी पडायलंय, तुमी बसलं की पंगत भरली."

आधीच पोटात मलिदा, वरणभात, दोन वाट्या खीर. पण तो म्हणतोय, तुम्ही बसलं की भरली. बसलो. तीन वेळा बुंदी वाढली, तीन वेळा खाल्ली. काय करता... एकदा माणसात धरायला लागले की जेवावं लागतंय.